पावतीच्या दोन बाजू



महिन्याचा किराणा भरून घरी आल्यावर पिशवीतून निघणाऱ्या त्या हातभर लांब पावतीचे आपण काय करता? बहुतेक घरांत ती तशीच कचऱ्यात जाते. ‘एवढ्या-तेवढ्यासाठी काय तपासायचे, दुकानदार काय म्हणेल,’ असा संकोच असतो. काही दीनदार मंडळी तर पावती तपासण्याला बदगुमानी, म्हणजे दुसऱ्याविषयी वाईट शंका बाळगणे, समजतात.

हा गैरसमज आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा विक्रीसाठी मांडलेल्या धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असा खुलासा विक्रेत्याने केला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे विचारून फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे त्यांनी बजावले. ‘सहीह मुस्लिम’मधली ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली असते. पण त्यातला क्रम पाहा. आधी ओल दिसली आणि मग हात घातला, असे झाले नाही. हात आधी घातला गेला. पाहून घेणे म्हणजे आरोप करणे नव्हे.

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला तिने लेखनातून सूट दिली आहे. मात्र रक्कम लहान असो वा मोठी, उधारीचे लिहिण्याचा कंटाळा करू नका, असेही तीच आयत सांगते. जुन्नरकरांना तर हे सांगण्याची गरज नसावी. एके काळी नावाजलेला जुन्नरी कागद बनवणारे कागदी आपल्याच समाजातले होते. हिशेब ज्या कागदावर लिहिला जाई तो बनवणाऱ्यांच्या गावात हिशेब पाहण्याची लाज कशाची?

तेव्हा पावती जरूर तपासा, आणि शक्यतो दुकानाबाहेर पडण्यापूर्वीच तपासा. एकच वस्तू दोनदा लागली आहे का, फळीवर लिहिलेली सवलत बिलात उतरली आहे का, पुड्यावरच्या कमाल किमतीपेक्षा जास्त आकारले आहे का, मिठाईच्या वजनात खोकेही तोलले आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्या दिवसांत जुनी किंमत छापलेले पुडे दुकानांत होतेच, आणि ज्याने पावती पाहिली त्यालाच फरक विचारता आला. पावती न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वाचलेले वीस-तीस रुपये मध्यमवर्गीय घराला जड नाहीत, पण मजुरीवर चालणाऱ्या घरात ते मुलाच्या वहीचे असतात. फक्त बोलताना काउंटरवरच्या मुलाला चोर ठरवू नका. ‘एकदा पाहता का, इथे काही चुकले असावे,’ एवढे पुरते.

इथवरचे सारे सोपे आहे, कारण ते आपल्या फायद्याचे आहे. पण चूक दोन्ही दिशांना होते.

नमाजनंतर मला हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा असतो : ‘घरी येऊन बिल पाहिले तर तेलाची एक पिशवी लागलेलीच नाही. आता काय?’ प्रश्नापाठोपाठ समर्थनही येते. चूक संगणकाची आहे. दुकान मोठ्या कंपनीचे आहे, तिला काय फरक पडतो? आणि आजवर त्यांनी आपल्याकडून थोडे का जास्त घेतले?

यासाठी सूरह अल-मुतफ्फिफीन उघडून पाहा. ‘तत्फीफ’ या शब्दाच्या मुळाशी ‘तफीफ’ आहे, म्हणजे क्षुल्लक, किरकोळ. मोठा दरोडा घालणारा इथे अभिप्रेत नाही. किरकोळ कातरणारा अभिप्रेत आहे, आणि सूरहची सुरुवातच त्याच्या विनाशाच्या इशाऱ्याने होते. आपण ही सूरह व्यापाऱ्यांसाठी आहे असे मानून निवांत असतो. पण तिने केलेले वर्णन दुहेरी आहे : हा माणूस लोकांकडून घेताना माप पुरेपूर घेतो आणि देताना कमी करतो. पुरेपूर घेणे हा स्वतंत्रपणे दोष नाही, तो हक्क आहे. दोष आहे तो दोन हातांतल्या तफावतीत. जी पावती स्वतःचे दहा रुपये शोधण्यासाठी ओळ न् ओळ वाचली, तीच पावती दुकानदाराचे दीडशे रुपये दिसताच ‘संगणकाची चूक’ होत असेल, तर दिलेला पैसा ही मोजमापाचीच वस्तू आहे आणि ती कमी मोजली गेली आहे.

‘तोला आणि झुकते द्या’ या आशयाची हदीसही अनेकदा भाजीवालीकडून वरची कोथिंबीर मागताना आठवते. मूळ प्रसंगात प्रेषित (स.) ग्राहक होते, आणि किंमत म्हणून द्यायची वस्तू तोलली जात होती. झुकते माप त्यांनी मागितले ते स्वतः द्यायच्या बाजूला.

कंपनी मोठी असल्याने हक्क लहान होत नाही. शिवाय तो तोटा कंपनीपर्यंत पोहोचतोच असे नाही. कित्येक दुकानांत दिवसअखेरीस हिशेबात आलेली तूट काउंटरवरच्या मुलामुलींच्या पगारातून कापली जाते. नारायणगावात किंवा मंचरला अशा काउंटरवर उभी असलेली मुलगी आपल्याच शेजारच्या वाडीतली असू शकते. आणि त्यांनी पूर्वी जास्त घेतले असेल, तर त्याचा मार्ग तक्रार हा आहे. मनातल्या मनात वळती करून घेणे हा नव्हे.

हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या सेवकाने त्यांच्यासाठी ३०० दिरहमना एक घोडा ठरवला. मालक पैसे घ्यायला आला तेव्हा जरीर (रजि.) स्वतःच म्हणाले की घोडा याहून मोलाचा आहे, आणि किंमत वाढवत वाढवत ८०० वर नेली. प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची शपथ आपण प्रेषितांना (स.) दिली आहे, हे त्यांचे कारण होते. हा एहसान झाला. ठरलेल्या ३०० ला घेणेही वैध होते. दुकानाने जाणूनबुजून दिलेली सवलत तशीच आपली आहे, ती निर्धास्त घ्यावी. पण बिलात न लागलेली तेलाची पिशवी स्वस्तात विकलेली नाही. ती विकलेलीच नाही.

आपल्या भागात हा प्रश्न अधिक टोकदार आहे, कारण इथे एकच माणूस सकाळी विक्रेता आणि संध्याकाळी ग्राहक असतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारा शेतकरी आपली हिशेबपट्टी हमाली-तोलाईसह बारकाईने पाहतो, आणि त्याने पाहावीच. क्रेटमधला तळचा थरही त्याने त्याच नजरेने पाहिला का, हे त्यालाच ठाऊक. त्याहून अवघड प्रसंग बाळहिरड्याचा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधव उन्हातान्हात वेचलेला हिरडा वाळवून विकतात तेव्हा अनेकदा त्यांच्या हाती पावती नसते, आणि असली तरी वाचून दाखवणारा कुणी सोबत नसतो. काटा आपल्या हातात असेल, तर त्या सौद्यात दोन्ही बाजू तपासण्याची जबाबदारी एकट्या आपल्यावर येते.

तेलाच्या पिशवीचे उत्तर असे : पुढच्या फेरीला पावती सोबत न्यावी, ओळ दाखवावी, पैसे द्यावेत आणि ते बिलात लावून घ्यावेत, म्हणजे ते त्या मुलीच्या हिशेबात जमा होतील. दुकान कायमचे बंद झाले असेल आणि मालकाचा वा त्याच्या वारसांचा खरोखर शोध लागत नसेल, तर तेवढी रक्कम त्याच्या वतीने गरजूला सदका म्हणून द्यावी. तो पुढे कधी भेटला, तर त्याला सांगावे. त्याने पैसेच मागितले, तर ते द्यावे लागतील.