जळव्या

कोल्हापूरकडच्या एका गावात दोघा भावांच्या वाट्याला दोन-दोन एकर ऊस आला. तोड झाली की दोघेही पाचटाला काडी लावायचे. एका रात्रीत रान मोकळं व्हायचं.

एका हंगामात धाकटा गुऱ्हाळावर जळव्या म्हणून राहिला. दिवसभर चुलवाणाच्या तोंडाशी बसायचं आणि आत चिपाडं सारायची. ओलं चिपाड गेलं की नुसता धूर व्हायचा, काहिलीतली उकळी बसायची आणि वरून गुळव्या ओरडायचा. आठवडाभरात त्याच्या ध्यानात आलं, की इथं जळण विकत आणावंच लागत नाही. ज्या उसाचा रस, त्याच उसाच्या चिपाडावर गूळ होतो.

गुळव्या म्हणाला, "कारखान्यात तरी दुसरं काय? टनभर ऊस गाळला की अडीचशे किलोच्या वर चिपाड निघतं. ते बॉयलरात जातं, वाफेवर कारखाना चालतो, उरलेली वीज विकतात. मळीपासून इथेनॉल होतं, प्रेसमडचं खत होतं, आता गॅसही काढतात. चुलवाणात जाळल्याचा गूळ होतो. तू रानात जाळतोस, त्याचं काय होतं रं?"

धाकट्याला उत्तर सुचलं नाही. त्या वर्षी त्यानं पाचट पेटवलं नाही, सरीत पसरलं. महिन्याभरात खोडवा पिवळा पडला. थोरला म्हणाला, "बघ, गेलं पीक." कृषी सहायकानं येऊन पाहिलं आणि चूक सांगितली. पाचट कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलाच नत्र खातात. त्यांना वरून युरिया द्यावा लागतो. धाकट्यानं तो दिला आणि ऊस पुन्हा हिरवा झाला.

एप्रिलात पाण्याची पाळी लांबली. थोरल्याच्या उसाची पानं दुपारी सुरळी व्हायला लागली. तो बांध ओलांडून धाकट्याच्या रानात आला आणि वाकून पाचट उचकटलं. खाली माती गार होती, ओल टिकलेली होती. काड्यांवर पांढरी बुरशी धरली होती, दोन गांडुळं सरकून आत गेली. त्यानं मूठभर माती उचलून दाबली, तिचा गोळा झाला. स्वतःच्या रानात ढेकूळ फुटत नव्हतं.

"आगीनं रान मोकळं होतं, दादा," धाकटा म्हणाला, "पण मातीतला जीवही जातो."

"मग मला सांग, कसं करायचं?"

"तोड झाली की बुडखे जमिनीलगत छाटायचे. पाचट सरीत दाबायचं. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू टाकायचे, मग पाणी सोडायचं."

हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. शेतकरी बंधूंनो, यंदा तोड झाल्यावर त्याला काडी लावू नका.