दोन पुटं बाकी

अंगणात आत्या आमसुलांना पूट देत होती. रातांब्याच्या साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, पुन्हा उन्हात पसरायच्या. हात मनगटापर्यंत लाल. दरवर्षी मे महिन्यात हे काम आम्हा दोघींचं, आणि मनातलं बोलायचं तेही तेव्हाच.

"पोरानं ईदचा शीरखुर्मा माडाच्या बुंध्याशी ओतला," मी म्हटलं. "दुसरीपासूनच्या दोस्ताच्या आईनं मिरकरवाड्यातून पाठवलेला. डबा अजून माझ्याकडेच आहे."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. हल्ली ओरडतसुद्धा नाही. पुण्यात जाऊन संध्या करायला लागला, तेव्हा मीच कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटले होते गं."

"त्यात तुझं काय चुकलं? कॅनडातल्या कॅलगरीची क्रिस्टियान बूद्रो म्हणून एक बाई आहे. तिच्या डेमियननं सतराव्या वर्षी जीव द्यायचा प्रयत्न केला. मग मुसलमान झाला, निवळला. आईला बरंच वाटलं. 2012 मध्ये अरबी शिकायला इजिप्तला जातो म्हणून गेला. गुप्तचर खात्याची माणसं दारात आली तेव्हा हिला कळलं, पोरगा सीरियात आहे. 2014च्या जानेवारीत तिकडेच मेला."

"तिला आधी काहीच दिसलं नसेल?"

"दिसलं असलं तरी सांगणार कुणाला? पोरगा हसेनासा झालाय, ही तक्रार कुठल्या ठाण्यात नोंदवून घेतात? त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या कल्याणची चार पोरं यात्रेकरूंबरोबर बगदादला गेली आणि तिथून आयसिसकडे. बातम्यांतले वडीलच मला आठवतात. आया कुठे होत्या?"

"ते वेगळं, आत्या. आपला काही बंदूक घ्यायला निघालेला नाही."

"आपला म्हटलं की वेगळंच वाटतं, अगो. गोडशांचे आधीचे मुलगे जगले नाहीत, म्हणून याला मुलीसारखा वाढवला, नाकात नथ घातली. नथुराम नाव त्यावरूनच पडलं. 1929 मध्ये वडिलांची पोस्टातली बदली झाली ती इथे, रत्नागिरीत. पोरगा एकोणीस वर्षांचा, आणि सावरकर इथेच स्थानबद्ध."

"म्हणजे तुला म्हणायचंय..."

"तसलं काही नाही. गांधी खून खटल्यात ते निर्दोष सुटले. मी त्या आईबद्दल बोलतेय. यमाला फसवायला पोराचं नाक टोचलं, आणि 1949 मध्ये अंबाल्याला त्याला फाशी झाली. मधल्या वर्षांत तिनं काय काय पाहिलं असेल?"

हे मला रुचलं नाही. गोष्टीत ती माउली नथेपुरती येते नि जाते. पुढचं तिच्या खात्यावर टाकणारे आपण कोण? मी तसं बोलूनही दाखवलं.

आत्यानं एक साल उलटी केली. "खात्यावर टाकत नाही. तिला कुणी विचारलंच नाही, एवढंच म्हणतेय. तुला मी विचारतेय. त्याच्या फोनमध्ये काय आहे?"

"पाहिला नाही. पाहिला तर तो पुन्हा घरी यायचा नाही. न पाहावा तर झोप नाही."

"कुणाला मारायची भाषा केली, तर त्याच दिवशी पोलिसांत जायचं. यात दुसरं मत नको."

"आणि तोवर?"

ती बराच वेळ बोलली नाही. शाळेत चाळीस वर्षं उत्तरं दिलेली बाई.

"तोवर त्याला वाढायचं," शेवटी म्हणाली. "आणि जेवताना वाद घालायचा. गप्प बसून वाढलंस, तर त्याला वाटेल आईला पटलंय."

"वाद घातला की ताटावरून उठतो."

"उठू दे. ताट झाकून ठेव. आणि तो डबा आण इकडे. रिकामा थोडाच परत करायचा? आमसुलं भरून त्याच्याच हाती पाठव."

"हीसुद्धा माडाखाली ओतली तर?"

"तर तू नि मी जाऊ मिरकरवाड्यात. काय झालं ते सांगू त्या बाईला."

"मला नाही जमायचं ते."

मी डबा आणला. आत्यानं एक आमसूल बोटांनी चेपून पाहिलं. रस अजून अंगाला लागत होता. "दोन पुटं बाकी आहेत. चार दिवस तरी जातील."

त्याचं पुण्याचं तिकीट परवाचं होतं.