लांछन

'लांछन' हा शब्द आज आपण उच्चारतो तो आवाज खाली आणून. कुळाला लांछन लागले, नावाला लांछन लागले, एवढाच त्याचा संसार उरला आहे. परंतु 'लाञ्छ्' या धातूच्या पोटात खूण करणे, अंकित करणे एवढाच अर्थ आहे, आणि संस्कृत कवींनी चंद्राला मृगलांछन म्हटले तेव्हा त्यांनी चंद्राला उणे लेखले नव्हते. जैन मंदिरात गेलात तर पाहा, चोवीस तीर्थंकरांच्या ध्यानस्थ मूर्ती इतक्या एकसारख्या असतात की पीठावरचा बैल दिसला म्हणजे हे ऋषभनाथ, सिंह दिसला म्हणजे हे महावीर, असे आपण ओळखतो. आणि त्या बैलाला, त्या सिंहाला शास्त्राने दिलेले नाव लांछन हेच आहे. ज्यावाचून ओळख पटत नाही ते लांछन.

आता भृगूची कथा आठवा. त्रिदेवांत श्रेष्ठ कोण हे पाहायला निघालेला हा ऋषी वैकुंठात पोचला आणि निजलेल्या विष्णूच्या छातीवर त्याने लाथ मारली; देव उठला, त्याने ऋषीला वंदन केले आणि आपल्या कठीण वक्षामुळे त्या कोमल पायाला इजा तर झाली नाही ना, असे विचारले. कीर्तनात ही कथा क्षमेची म्हणून सांगतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र कथा संपल्यावरही तिच्याशी रेंगाळतो. ज्याला विश्व घडवता-मोडता येते त्याला छातीवरचा एक वळ पुसता आला नसता काय? त्याने तो ठेवला, भूषण म्हणून मिरवला, आणि भक्तांनी त्या खुणेवरून देवाला श्रीवत्सलांछन म्हणून हाक मारली. (श्रीवत्स वेगळा आणि भृगूचे पाऊल वेगळे, असे पंडित सांगतात. लोकपरंपरेने दोन्ही एकत्र बांधले; मी लोकपरंपरेच्या बाजूचा.) एकच खूण एका अंगाने घाव आणि दुसऱ्या अंगाने अलंकार, मधे काय घडले, तर कुणीतरी तिच्याकडे पाहिले आणि तिचा अर्थ लावला.

पंढरीच्या विठ्ठलाच्या छातीवरही ही खूण आहे. आपल्या बीड जिल्ह्यातून आषाढीच्या वाटेवर पालख्या जातात, मुक्ताबाईंची बीड शहरातून, शेगावच्या गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून, आणि त्यांच्यामागे चालणारी माणसे रांगेत तासन् तास उभी राहून जे रूप पाहतात ते पीतांबराचे, तुळशीहाराचे, मुकुटाचे असते. लांछन त्या वस्त्राखाली राहते. अभिषेकाच्या वेळी वस्त्रे उतरतात तेव्हा जे गाभाऱ्यात असतात त्यांनाच ते दिसते.

सैनिकाचे लांछनही असेच सदऱ्याखाली असते. गोळीने खांद्यात केलेला खळगा, स्फोटाच्या तुकड्याने मांडीवर ओढलेली रेघ, यांचे दर्शन घरातल्या माणसांना आणि डॉक्टरलाच होते. म्हणून राष्ट्रे ते लांछन धातूत ओततात आणि कापडाच्या वर आणतात. अमेरिकेने 1932 साली पर्पल हार्ट सुरू केले तेव्हा पहिल्या महायुद्धात घायाळ झालेल्या जुन्या शिपायांनी कागद जोडून अर्ज केले आणि ते मिळवले, म्हणजे त्या पदकाच्या जन्मातच उशिरा मागणे होते. आपल्याकडे शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्यांसाठी 1973 साली पदक स्थापन झाले, पुढे त्याला पराक्रम पदक हे नाव आले. मला वाटते, त्या पदकाचे खरे मोल नावातल्या पराक्रमापेक्षाही खुणेत आहे. शूर असो वा घाबरलेला, ज्याच्या देहावर शत्रूने लिहिले त्याच्या छातीवर राष्ट्र तेच पुन्हा लिहिते.

मग कुणी चाळीस वर्षांनी ते मागायला येतो तेव्हा आपण भुवया का उंचावतो? इतकी वर्षे गप्प होता, आता कशाला, हा प्रश्न चावडीवरही विचारला जातो आणि घरातही. दसऱ्यानंतर निम्मे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जाते अशा आपल्या मुलखात फौजेतून परतलेल्या एखाद्याचा खांदा कोयता उचलू देत नाही, तेव्हा त्याचा घाव लोकांच्या लेखी अधूपणा ठरतो, आणि आजच्या हलक्या अर्थाचे लांछन त्याला तिथेच चिकटते. तरुणपणी त्याला ते लपवावेसे वाटते. त्यातून डिस्चार्ज बुकात जखमेची नोंद धड नसते, इस्पितळाचा कागद सापडत नाही, जखमेची नोंद करणारी लष्कराची पार्ट टू ऑर्डर कुठल्या वर्षाची हे आठवत नाही, आणि साक्ष देऊ शकणारे सोबती एकेक करून निघून जातात. उतारवयात, नातवाने बोट लावून हे काय म्हणून विचारल्यावर, तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढतो. त्याला मान हवा असतो असे आपण समजतो. मला वाटते, त्याला आपली खूण कुणीतरी वाचून हवी असते. देवाला भक्तांनी न मागता वाचले. याला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणाऱ्याच्या माथी पुन्हा 'मागणारा' हे लांछन येते.

अशाच एका मागणाऱ्याची गोष्ट आठवते. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात नऊ गोळ्यांनी घायाळ झाले. ते सैन्याच्या ईएमई या अभियांत्रिकी दलातले मुष्टियोद्धे होते; कमरेखालचे शरीर साथ देईना, तेव्हा उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी विश्वविक्रमासह जिंकले. भारताचे ते पॅरालिम्पिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण. त्यांनी मागितला तो अर्जुन पुरस्कार, म्हणजे खेळाचा मान, जखमेचा नव्हे; तरी तो खेळच जखमेतून उगवला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. 1982 साली त्यांना नकार मिळाला, आणि पुढे त्यांनी मागणे सोडले. 2018 साली पद्मश्री आली. जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, राष्ट्रपती भवनात त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

त्या दिवशी त्यांच्या हाती धनुर्धर अर्जुनाची छोटी मूर्ती आली, ती सगळ्यांनी पाहिली. साठ वर्षांपूर्वीची एक गोळी पाठीच्या कण्यापाशी राहून गेलेली, ती तेव्हाही सदऱ्याखालीच होती.