गुरूवरील ऋण

देवासचे नाव निघाले की आम्हां मराठी माणसांस कुमार गंधर्व आठवतात. क्षयाने ग्रासलेला तो तरुण गायक १९४८ साली माळव्याच्या कोरड्या हवेसाठी तेथे राहावयास आला आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनने त्यास नवा श्वास दिला, हे सर्वश्रुत आहे. ते औषध कोणाच्या हातून सापडले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या तळघरात आल्बर्ट शात्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने मातीतील सूक्ष्मजंतूपासून ते वेगळे केले. कीर्ती गेली ती त्याचे गुरू सेल्मन वाक्समन यांच्याकडे. शोधाची पद्धत गुरूंनीच घडविली होती, हे खरे. तथापि शिष्यास १९५० साली न्यायालयाची पायरी चढावी लागली. तडजोडीत तो सहसंशोधक ठरला, पण १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या गुरूंस मिळाले.

आमच्या देवळांतून एकलव्याची कथा शिष्याच्या भक्तीची म्हणून सांगण्यात येते. द्रोणाचार्यांनी त्यास बाण कसा धरावा हेही शिकविले नव्हते, मागितला मात्र अंगठा! शिष्यावर गुरूचे ऋण असते, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या घोकले. गुरूवर शिष्याचे काही ऋण असते की नाही?

हा प्रश्न पुराणातला नव्हे. देवासजवळच्या धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत. त्यांत भिल्ल व भिलाला पुष्कळ. मध्य भारतातील आदिवासींत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग बराच आढळतो. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारात एक. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्त तपासता येते. परंतु वाहक ठरलेल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असता, त्या घरी काय आणि कसे बोलावे, हे भिली बोलणारा संशोधकच जाणेल. असा तरुण पदवी घेऊन उभा राहिला, तर त्याच्या हाती काय पडेल? नमुने गोळा करणे आणि दुभाष्याचे काम एवढेच पडले, तर आम्ही त्यास अंगठा मागणेच म्हणू. त्याचा प्रश्न त्याचा राहावा, लेखावर त्याचे नाव त्याच्या श्रमाच्या जागी यावे, विद्यावेतन वेळेवर मिळावे, आणि मार्गदर्शकाचे मत खोडण्याची त्यास मुभा असावी, एवढे तरी गुरूने द्यावयास हवे.

असे गुरू आपल्याकडे झाले नाहीत असे नाही. प्रा. बी. आर. देवधरांनी कुमारांस एकाच घराण्याच्या चौकटीत कोंडले नाही. म्हणूनच की काय, देवासच्या रुग्णशय्येवर कानी पडणाऱ्या माळवी लोकगीतांतही त्या शिष्यास रागांची बीजे सापडली.

देवस्थानांच्या निधीतून शिष्यवृत्त्या देणारे आमचे वाचक अर्जासोबत गुणपत्रिका मागतात. संशोधनासाठी अर्ज आला, तर मार्गदर्शकाने आपल्या आधीच्या विद्यार्थ्यांची नावे कोठे छापली आहेत, हेही एकदा मागवून पाहावे.