नाडा आणि दंडुका

ज्या वस्तूची लांबी तिच्या रुंदीहून अधिक ती पुरुषलिंगाचे प्रतीक, हा सुलभ सिद्धांत आमच्या चित्रपटविषयक चर्चेत अलीकडे इतका रूढ झाला आहे की, नायकाची तलवार, हवालदाराचा दंडुका आणि दादा कोंडके यांच्या ढगळ अर्ध्या चड्डीखाली लोंबणारा नाडा या तिघांची रवानगी एकाच दप्तरात होते आणि कोणाचीही कैफियत न ऐकता निकाल लागतो. फ्रॉइडने स्वप्नांतील काठ्या-छत्र्यांची जी संगती लावली आणि पुढे हिचकॉकने बोगद्यात शिरणाऱ्या आगगाडीवर एक चित्रपट संपवून तिला जो दुजोरा दिला, तो इतिहास सर्वश्रुत आहे. सेन्सॉरची कात्री हाच उपाय मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि ‘हा तर निर्मळ ग्रामीण विनोद’ म्हणणाऱ्यांनी बहुधा चित्रपट डोळे मिटून पाहिले असावेत.

प्रश्न आहे तो प्रतीकवाद्यांचा. ‘सोंगाड्या’तील (१९७१) नाड्यात त्यांना पुरुषत्वाचे प्रदर्शन दिसते. परंतु नाडा ही मुळात बांधून ठेवणारी वस्तू. तिचे काम चड्डी जागेवर राखण्याचे, आणि तिच्यापायी उत्पन्न होणारे भय ती सुटण्याचे. वसंत सबनीसांनी लिहिलेला नाम्या हा धाकात ठेवणाऱ्या आईचा भोळा, वयाने वाढलेला पण पोरपण न सरलेला मुलगा आहे. त्याचा नाडा लोंबतो तो पराक्रमाची ग्वाही देण्यासाठी नव्हे, तर कोणत्याही क्षणी होऊ शकणाऱ्या फजितीची पूर्वसूचना म्हणून. यावर प्रतीकवादी उत्तर देतील की, हे भयसुद्धा पुरुषत्व गमावण्याचेच. म्हणजे वस्तू ताठ असली तरी सिद्धांत खरा, लोंबत असली तरी खरा, आणि नसलीच तर सर्वाधिक खरा! ज्याच्याविरुद्ध कोणताही पुरावा रुजूच होऊ शकत नाही, त्या मताला शास्त्र म्हणण्याचे औदार्य माझ्यापाशी नाही.

याचा अर्थ नाड्याला दुसरा अर्थच नाही, असे मी म्हणत नाही. अश्लीलता केवळ पाहणाऱ्याच्या मनात असते, हा कोंडके यांच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा बचाव लबाडीचा आहे. दुसरा अर्थ तेथे योजलेलाच असतो. मात्र तो कशाच्या आधारावर उभा राहतो, हे पाहायचे असेल तर चित्रपटगृहापेक्षा आमच्या सिहोऱ्याकडील, किंबहुना साऱ्या भंडारा-गोंदिया भागातील, दिवाळीनंतरच्या मंडई नावाच्या जत्रेत रात्री रंगणारे खडी गंमत हे लोकनाट्य अधिक उपयोगी पडेल. तेथे स्त्रीवेषातील पुरुषाचे सोंग कोणापासून लपलेले नसते, म्हातारीकोतारी आणि पोरेसोरे एकाच मैदानात बसलेली असतात, आणि तुणतुण्याच्या दांडीवरून एखादी चावट कोटी झालीच, तरी तुणतुणे आपला सूर सोडत नाही. हसणारा हसतो, ज्याला हसायचे नसते तो गाणे ऐकतो. दोघांनाही सवड असते.

माझ्या मते खरा भेद श्लील-अश्लील असा नसून कामाची वस्तू आणि दाखवायची वस्तू असा आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अश्लीलाचे व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकार सांगितले खरे; परंतु ती काव्यातील दोषाची प्रतवारी झाली, रंगभूमीवरील वस्तूला तिचा फारसा उपयोग नाही. विदूषकाची वाकडी काठी तो टेकतो, उगारतो, तिच्यावर रेलतो. तिचे काम चालू असते तोवरच तिच्यावरचा विनोद जिवंत राहतो. हवालदाराचा दंडुका गर्दी हटवता हटवता भलतेच सुचवून गेला तर ते हास्य कमावलेले असते; गर्दीच नसताना तो केवळ कॅमेऱ्यासमोर धरला, म्हणजे सूचकता संपून निर्देश उरतो. कुब्रिकच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मधील (१९७१) ते उघडउघड लिंगाकार शिल्पदेखील, गंमत म्हणजे, माझ्या कसोटीला उतरते, कारण तेथे तेच हत्यार होते आणि एका स्त्रीचा जीव घेते.

‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या नावापर्यंत येताना कोंडके यांच्या चित्रपटांत चावटपणा वाढला, अशी तक्रार पुष्कळांनी केली. मला ती तक्रार गैरलागू वाटते. चावटपणा ‘सोंगाड्या’तही काही कमी नव्हता, पण तेथला नाडा चड्डी सांभाळीत होता, आणि या दिव्यावर उजेड देण्याची जबाबदारी कोणीच टाकलेली नाही.