जळण्यासाठी बांधलेली घरं

मागच्या वर्षी पाँडिचेरीला गेलो होतो. बरोबर एक आर्किटेक्ट मैत्रीण होती. तिने मला बीचवरून ओढत एका गल्लीत नेलं आणि एका इमारतीसमोर उभं केलं. अरविंदाश्रमाचं 'गोलकोंड' हे निवासस्थान. १९३०च्या दशकाच्या अखेरीस बांधायला घेतलेलं, पण काल-परवाचं वाटावं असं. भिंतीच्या जागी उघडमीट करता येणाऱ्या आडव्या पट्ट्या. वारा आत येतो, ऊन बाहेर राहतं. "आत राहणाऱ्या माणसाचा विचार करणं म्हणजे काय, ते बघ," ती म्हणाली.

रात्री मोबाइलवर त्या आर्किटेक्टबद्दल वाचत बसलो आणि झोप उडाली.

अँटोनिन रेमंड. जन्म बोहेमियातला, पुढे अमेरिकन नागरिक. १९१९च्या अखेरीस फ्रँक लॉइड राइटबरोबर 'इम्पीरियल हॉटेल'च्या कामासाठी तो टोकियोत आला आणि जवळपास अठरा वर्षं जपानमध्ये राहिला. लाकडी सांगाडा, कागदी सरकती दारं, जमिनीवर अंथरलेल्या जाड चटया म्हणजे तातामी, हे सगळं तो तिथे राहून शिकला. जपान सोडल्यावर पाँडिचेरी, आणि मग अमेरिका.

१९४३ साली अमेरिकन सैन्याला नेमकं हेच ज्ञान हवं होतं. आदल्याच वर्षी हार्वर्डमध्ये नापाम तयार झालं होतं. घरात पडल्यावर पेटती चिकट जेली फेकणारा एम-६९ नावाचा बाँबही होता. प्रश्न एवढाच होता की, जपानी घर त्याने नीट पेटेल का? त्यासाठी युटाच्या वाळवंटात, डगवे इथे, एक जपानी वस्ती उभारायचं ठरलं. घरांचं डिझाइन रेमंडने केलं. शेजारी जर्मन वस्तीही होती. तिच्या कामात नाझी जर्मनीतून निसटलेला एरिक मेंडेलसोन होता.

घरं शक्य तितकी हुबेहूब होती, अगदी तातामी आणि घरातल्या सामानापर्यंत. त्यांच्यावर बाँब टाकायचे, आग किती वेळात पसरते ते मोजायचं, पुन्हा घरं बांधायची, पुन्हा बाँब टाकायचे. सहा मिनिटांत आटोक्याबाहेर जाणारी आग सगळ्यात वरच्या श्रेणीत.

हे वाचताना मी चरकलो, कारण यातलं काहीच मला अनोळखी नव्हतं. आमच्याकडे याला स्टेजिंग म्हणतात. खऱ्या सिस्टिमची हुबेहूब नक्कल करायची आणि ती तुटेपर्यंत टेस्ट करायची. स्टेजिंगमध्ये सगळं खऱ्यासारखं असतं, फक्त खरी माणसं नसतात. युटातल्या त्या घरांतही सगळं होतं, माणसं तेवढी नव्हती.

माणसं टोकियोत होती. ९ मार्च १९४५च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यात सुमारे ४० चौरस किलोमीटर शहर जळालं आणि पहाटेपर्यंत अंदाजे एक लाख लोक मेले.

रेमंडला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. जपानी सैन्याने नानजिंगमध्ये केलेली कत्तल आणि चुंगकिंगवर केलेली बाँबफेक जगासमोर होती. रेमंडची जन्मभूमी हिटलरने गिळली होती. युद्ध लवकर संपावं, ही त्याची इच्छा खोटी म्हणता येत नाही. त्याच १९४३ साली त्याने आणखी एक गोष्ट केली. गोलकोंडचं बांधकाम ज्याच्या देखरेखीखाली सुरू झालं, तो जॉर्ज नाकाशिमा जपानी वंशाचा होता. एवढ्याच कारणावरून अमेरिकेने त्याला बायको आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोतल्या छावणीत डांबलं होतं. रेमंडने हमी घेऊन त्यांना सोडवलं आणि आपल्या शेतावर राहायला बोलावलं.

एक जपानी घर वाचवणारा आणि जपानी घरं कशी जळतील याला मदत करणारा माणूस एकच. वर्षही एकच.

आपल्याला शिकवलेलं असतं की, माणसं एकमेकांना ओळखत नाहीत म्हणून युद्धं होतात. ओळख वाढली, प्रवास केला, दुसऱ्यांची भाषा शिकली की द्वेष कमी होतो. माझाही यावर विश्वास होता. पण रेमंड जपानला ओळखत होता, त्याचं त्या घरांवर प्रेम होतं. ती ओळख कुणाच्या आड आली नाही. उलट, ती कामाला आली.

मला वाटतं, तो कुठे अडकला असेल तर प्रश्नाच्या आकारात. 'हे करावं का?' हा प्रश्न त्याच्या टेबलापर्यंत येईपर्यंत 'हे हुबेहूब झालंय का?' असा झाला होता. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठलाही चांगला कारागीर जीव ओतून देतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक मॉड्यूल आलं होतं. वरून काढलेल्या व्हिडिओत हलणारे 'ऑब्जेक्ट' मोजायचे. ते ऑब्जेक्ट म्हणजे माणसं होती. क्लायंट कोण, असं मी लीडला विचारलं. "एनडीए आहे रे. आपल्याला अ‍ॅक्युरसी ९५च्या वर न्यायचीय, बस." कदाचित ते स्टेशनवरची गर्दी आवरायला असेल. कदाचित नसेल. मी पुन्हा विचारलं नाही. अ‍ॅक्युरसी ९६ झाली, आम्ही पार्टी केली.

मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "रेमंडने नकार दिला असता तरी टोकियो जळालंच असतं." खरं आहे. माझ्याशिवायही ते मॉड्यूल झालंच असतं. पण त्यातून टोकियोचं काय झालं असतं ते कळतं, रेमंडने काय करायला हवं होतं ते नाही.

युद्धानंतर काही वर्षांतच रेमंड जपानला परतला आणि पुढची पंचवीसेक वर्षं तिथे इमारती बांधत राहिला. त्याबद्दल त्याला मानही मिळाला. यात क्षमा होती, विसर होता की दोन्ही, हे मी ठरवू शकत नाही.

आता नवं काम आलं की मी निदान विचारतो की, हे कुठे वापरणार? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. पुढे काय करायचं, ते अजून माझं ठरलेलं नाही. त्या मॉड्यूलबद्दल मात्र 'मला माहीत नव्हतं' असं मी म्हणू शकत नाही. मी एकदा विचारलं होतं आणि मग गप्प बसलो होतो.