न मोजलेला तास

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कुणी ना कुणी मोजत असतं. हजेरी पंचाहत्तर टक्के भरली पाहिजे. इंटर्नलचे गुण वेगळे, सेमिस्टरच्या परीक्षेचे वेगळे. सबमिशनची तारीख, प्रोजेक्टची पानं, प्लेसमेंटला लागणारा सीजीपीए, सगळ्याला आकडा आहे. मी पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते, त्यामुळे मोजण्याबद्दल माझ्या मनात आकस असायचं कारण नाही. मोजमाप नीट केलं तर कोण कुठे मागे पडतंय ते कळतं आणि वेळेत मदत करता येते. पण चोवीस तासांतला एक तरी तास असा असावा, ज्याचा हिशेब कुणालाच द्यायचा नाही, असं मला दिवसेंदिवस अधिक ठामपणे वाटू लागलं आहे. हा तास चैनीचा म्हणून बाजूला टाकता येणार नाही. शिक्षणाच्या गाभ्यातलं काहीतरी त्याच तासात घडतं.

माझा तो तास मोडी लिपीचा आहे. मेसमधलं जेवण आटोपलं की टेबलावर जुन्या पत्राची झेरॉक्स पसरायची आणि शेजारी अक्षरांचा तक्ता ठेवून वाचत बसायचं. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही, म्हणून एक अक्षर दुसऱ्यात शिरतं. दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो. त्यामुळे नुसती अक्षरं ओळखून भागत नाही. लिहिणारा कोण, कुणाला लिहितोय, त्याला काय हवं असेल, याचा अंदाज बांधत शब्द तोडावे लागतात.

मी सर्वांत जास्त रमते ती तारखेत. पेशवेकाळातल्या कागदांत साल बहुधा अरबी संख्यानामांत येतं. ‘सीत सबैन मया व अलफ’ असं लिहिलेलं असतं. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. एककापासून सुरुवात करून वर चढत जायचं. बेरीज येते ११७६. हा शुहूर सन. त्याचं वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या तोंडावर सुरू होतं. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. पत्र पावसाळ्यातलं असेल तर १७७५, उन्हाळ्यातलं असेल तर १७७६. म्हणजे साल पक्कं करायला आधी महिना कळायला हवा. तो असतो ‘छ’ या अक्षरापुढे, मुसलमानी चांद्र महिन्याच्या नावानं. मग जंत्री उघडायची आणि तो महिना त्या वर्षी कोणत्या ऋतूत आला होता ते शोधायचं. एवढ्या खटपटीनंतर हातात काय पडतं? एक तारीख. तिचे गुण मिळत नाहीत, ती कुठे लावायची नसते. पण ती सापडल्यावर लिहिणाऱ्या माणसाच्या पत्रावर ऊन किंवा पाऊस पडतो, आणि शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यानं केलेली विनवणी एकदम समजते.

वर्गातल्या प्रश्नाबरोबर एक हमी येते. याला उत्तर आहे, ते तीन तासांत निघतं, आणि कुणीतरी ते आधीच काढलेलं आहे. मोडीच्या कागदाला अशी हमी नाही. एक शब्द लागत नाही म्हणून आठवडा जातो. कधी कागदच फाटलेला असतो आणि शब्द लागणारच नसतो. न कळण्यात शांतपणे बसून राहण्याची ही सवय मला परीक्षेनं कधी लावली नसती, कारण परीक्षेत न कळण्याला दंड आहे. आणि पुढे संशोधन करायचं असो की गुंतागुंतीचं कुठलंही काम, तिथे तर न कळण्यातच बहुतेक दिवस काढायचे असतात.

हे सांगताना मला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हटकून आठवतात. डहाणूला १९०५ साली जन्मलेला हा माणूस पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकला. विद्यार्थी असतानाच, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदवीनंतरचं गणिताचं औपचारिक शिक्षण त्यांनी घेतलं नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिक्षक होते. संख्यांशी खेळणं हा त्यांचा छंद. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले की झालं. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा, आणि येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. पुणे विद्यापीठाचं स्थापनावर्ष १९४९ घेऊन पाहू. ९९४१ मधून १४९९ गेले, राहिले ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. आता ६१७४ चं हेच करा, पुन्हा ६१७४ च येतात. कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचता. आज जग याला कापरेकर स्थिरांक म्हणतं. पण हयातीत बराच काळ त्यांच्या कामाकडे विद्वानांनी मनोरंजन म्हणून पाहिलं. गणितविषयक लेखक मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. इतकी वर्षं शाळेतले तास घेऊन हा माणूस रोज कशासाठी वजाबाक्या मांडत बसला असेल? कीर्तीची वाट पाहत कुणी इतकं टिकत नाही. टिकवतो तो त्या कामातला आनंदच.

आता छंदाचंही मोजमाप सुरू झालं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्यानं जी रचना आली, तिच्यात खेळ, योग, कला, एनएसएस अशा उपक्रमांनाही क्रेडिट आहेत. एका क्रेडिटसाठी पंधरा तासांचं अध्यापन किंवा तीस तासांचं प्रात्यक्षिक, असा साधारण हिशेब. यामागचा हेतू चांगला आहे, हे मला मान्य आहे. एनएसएस १९६९ मध्ये सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास श्रमदान आणि सेवा करायची असते. एवढं काम करणाऱ्याच्या पदरी काहीतरी पडलंच पाहिजे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला घरून नाटकाच्या तालमीला परवानगी नव्हती. ‘याला क्रेडिट आहे’ एवढ्या एका वाक्यावर ती मिळाली. ज्या घरांत मुलीच्या प्रत्येक तासाला कारण द्यावं लागतं, तिथे क्रेडिट हे कारण ठरतं. हा लाभ लहान नाही.

तरी माझी काळजी कायम आहे. क्रेडिट आलं की लॉगबुक येतं, लॉगबुकबरोबर सह्या येतात, फोटो येतात, आणि छंद हळूहळू पुराव्याच्या मागे धावू लागतो. जे दाखवता येतं तेच करावंसं वाटायला लागतं. नवख्याला जे चुकतमाकत, वेळ घालवत करायचं असतं, ते अहवालात बसत नाही. विद्यापीठानं नाही मोजलं तर फोन मोजतो. काढलेलं चित्र टाकलं की लाइक मोजायचे, धावून आलो की ॲप किलोमीटर मोजतं. आपणच आपले परीक्षक होऊन बसतो.

माझ्या रूममेटला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं, पण तुझ्या या तासाचं भाडं कोण भरतं?’’ ती ‘कमवा व शिका’ योजनेत रोज काही तास काम करते, मग लेक्चर, मग प्रॅक्टिकल. आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवायचं तिच्या मनात कधीपासून आहे. आजी थकत चालली आहे आणि वही अजून अर्धीही भरलेली नाही. तिचा प्रश्न माझ्या सगळ्या मांडणीला भिडणारा आहे. मोकळा तास सगळ्यांना सारखा मिळत नाही. घरून पैसे येतात त्याला तो सहज मिळतो, आणि ज्याला सगळ्यात जास्त विसाव्याची गरज असते त्याच्याच वाट्याला तो येत नाही. पण म्हणून तिच्या ओव्यांना क्रेडिट देऊन भागेल का? तिला हवी आहे वेळेवर हातात पडणारी शिष्यवृत्ती, परवडणारी मेस आणि वेळापत्रकातली एक रिकामी दुपार. तास मोकळा करून देणं हे विद्यापीठाचं आणि सरकारचं काम. त्या तासात काय करायचं हे तिचं तिनं ठरवावं.

स्पर्धेलाही माझा विरोध नाही. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात एकांकिका सादर करता यावी म्हणून पुण्यातली किती महाविद्यालयं पावसाळाभर रात्ररात्र तालमी करतात. करंडक एकालाच मिळतो. २०२२ मध्ये तर परीक्षकांनी तो कुणालाच दिला नाही. त्यावर वादही झाला. पण पुढच्या वर्षी संघ पुन्हा उभे राहिलेच, आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे नाटकात जायचंही नसतं. प्रकाशयोजना करणारा मुलगा उद्या बँकेत लागेल. तरी दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं कसं, हे तो त्या तालमींत शिकलेला असतो. गुणपत्रिकेवर याला रकाना नाही आणि तसा तो असण्याची गरजही नाही.

म्हणून विद्यापीठाकडे माझी मागणी साधी आहे. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी नुसतं वाचायला बसणाऱ्यालाही जागा असावी. संध्याकाळी एखादी खोली, एखादं मैदान, एखादी पेटी-तबल्याची जोडी अर्ज न करता वापरता यावी. ‘सध्या कशात रमली आहेस?’ असं विचारणारे आणि उत्तराची नोंद न करणारे शिक्षक असावेत. आणि आपण विद्यार्थ्यांनी त्या तासाचं रक्षण स्वतः करावं, आधी आपल्याच मोजण्याच्या सवयीपासून. पदवीला जे लागतं ते मोजलेल्या तासांत शिकून होईल. पदवी हातात आल्यावर, कुणी विचारत नसताना आणि काही मिळणार नसतानाही जे शिकत राहायचं असतं, त्याची तयारी मात्र आत्ताच आणि न मोजलेल्या तासातच करावी लागते.